जुनी आयएलसीए नियमात बसवताना

वापरलेली डिंगी (छोटी शिडाची होडी) विकत घेतली की तिच्यासोबत आधीच्या मालकाचे प्रयोगही आपल्या ताब्यात येतात. माझी आयएलसीए (२०१९ पर्यंत सगळे हिला लेझरच म्हणायचे) अशीच आली. नवे ब्लॉक, घासूनपुसून चकचकीत केलेलं सुकाणू, कुणीतरी मन लावून बसवलेल्या दोऱ्या. रेगाटात, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत, नाव द्यायचं ठरवलं तेव्हा यातलं काय चालतं आणि काय नाही, हे शोधून काढणं भाग होतं.

क्लबात मी विचारत सुटलो की याला बंदी आहे का, त्याला बंदी आहे का. होड्या नियमात बसतात का हे तपासणाऱ्या एका अनुभवी मेजररनी मला थांबवलं आणि सांगितलं, "बंदी शोधू नकोस, परवानगी शोध." आयएलसीएचे क्लास रूल्स (क्लास म्हणजे एकाच प्रकारच्या होड्यांचा गट) बंद प्रकारचे आहेत. नियमांत ज्याला स्पष्ट मुभा दिलेली नाही, ते सगळं निषिद्ध. काही क्लासमध्ये याच्या उलट असतं, जे मना केलेलं नाही ते सगळं चालतं. हा फरक कळला आणि माझं काम एकदम सरळ झालं. होडीवरची एकेक वस्तू घ्यायची, तिला मुभा देणारं कलम शोधायचं, सापडलं नाही तर ती वस्तू उतरवायची.

हा कडकपणा मला मनापासून पटतो. फिनसारख्या क्लासमध्ये डोलकाठी आणि शीड वेगवेगळ्या उत्पादकांकडून घेता येतं, ते ठरलेल्या मापांत बसलं म्हणजे झालं. तिथे हलमधलं (होडीच्या सांगाड्यातलं) वजन कुठे किती आहे हे पाहायला लॅम्बोली चाचणीत हल टांगून झुलवतात. आयएलसीएत मापांपेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा असतो: परवानाधारक कारखान्यातून जशी निघाली तशीच ही होडी आहे का? ब्रूस कर्बींनी १९७० च्या सुमारास आखलेल्या या होड्या आजवर दोन लाखांहून जास्त बनल्या आहेत, आणि १९९६ पासून त्या ऑलिंपिकमध्ये आहेत. कस खलाशाचा लागावा, होडीचा नाही, हे या क्लासचं मूळ तत्त्व आहे. ज्याच्याकडे होडीवर ओतायला पैसा नाही, त्याला पुढच्या रांगेत यायची संधी या तत्त्वामुळेच मिळते.

प्रत्यक्ष तपासणीत अंदाज बरेच चुकतात. मला सर्वांत संशयास्पद वाटलेल्या गोष्टी नियमात बसल्या. व्हँगची (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली ओढून धरणारी) अनेक ब्लॉकांतून फिरवलेली दोरी चालते, फक्त कलमातल्या मर्यादा पाळायच्या. डेकवरचं तपासणी-झाकणही चालतं, पण आतला व्यास १५३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि झाकण पाणी अडवणारं हवं. मी कॅलिपर लावून पाहिलं, ते बसत होतं.

खटकलं ते साध्या दिसणाऱ्या गोष्टींत. मेनशीटचं (शीड आवळण्या-सोडण्याच्या दोरीचं) शेपटाकडचं टोक आतला गाभा काढून बारीक केलेलं होतं. हलक्या वाऱ्यात दोरी झटकन सुटावी म्हणून लोक असं करतात. पण मेनशीट सलग आणि एकाच जाडीची हवी, असं नियम सांगतो. ती बदलली. शीड दिसायला अगदी खऱ्यासारखं, पण त्यावर क्लासचं बटण, म्हणजे शीड अस्सल असल्याची खूण, नव्हतं. सरावाला ठीक, शर्यतीला निरुपयोगी. सुकाणूच्या पात्याचा तर आकारच बदललेला होता. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायला हरकत नाही, मात्र मूळ आकार, जाडी आणि गुणधर्म तसेच राहायला हवेत. इथे पुढची कड इतकी घासली होती की नव्या पात्याशेजारी धरल्यावर फरक डोळ्यांना दिसत होता. ते पातं मी सरावालाही ठेवलं नाही.

डोलकाठीचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा होता. ताणाखाली वाकून तो पुन्हा सरळ होतो तोवर ठीक, पण कायमचा बाक राहिला तर ती काठी वापरता येत नाही. सपाट फरशीवर लोळवली की लगेच कळतं. माझी काठी अडखळत लोळली. २०१७ मध्ये वरच्या भागासाठी कार्बनची काठी मान्य झाली, ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. पहिली खरेदी महाग पडते, तरी वारंवार काठ्या बदलण्यापेक्षा मला ते न्याय्य वाटतं. मी कार्बनची घेतली.

खरा पेच डोलकाठी होडीत ज्यात उभी राहते त्या खोबणीचा होता. ती कधीतरी गळली होती आणि तिच्या तळाशी इपॉक्सी भरून दुरुस्त केलेली होती. ही दुरुस्ती म्हणायची की बदल? दुरुस्तीला मुभा आहे, पण तिने मूळ आकार, गुणधर्म किंवा काम बदलता कामा नये. इपॉक्सीच्या थरामुळे काठीचा कल जरासा जरी बदलला असेल, तर तो बदलच ठरणार. तोंडी मतं हवी तितकी मिळाली. मी फोटो आणि मापं जोडून क्लासच्या मेजररना लेखी विचारलं. त्यांनी खोबणीत पाणी भरून ते उतरतं का पाहायला सांगितलं आणि काठीचा कल दुसऱ्या, न दुरुस्त केलेल्या होडीशी ताडून पाहायला लावला. दोन्हींत होडी पास झाली आणि त्यांनी तसं लिहून दिलं.

रेगाटाच्या तपासणीत मेजररनी नेमकी हीच खोबणी पाहिली. मी उत्तराची प्रत पुढे केली. त्यांनी ती वाचली, स्वतः टॉर्च मारून तळ पाहिला आणि पुढे गेले. कॅप्साइझ झाल्यावर, म्हणजे होडी उलटल्यावर, काठी सुटू नये म्हणून बांधलेली दोरी आणि डॅगरबोर्डची (होडीखाली पाण्यात सोडलेल्या फळीची) दोरी त्यांनी ओढून पाहिली. मग शीड, काठी, बूम, सुकाणू आणि डॅगरबोर्डवर खुणा केल्या. रेगाटा संपेपर्यंत याच वस्तू वापरायच्या.

या खुणांचा अर्थ रेगाटा सुरू असतानाच नीट कळला. एका शर्यतीत सुकाणूच्या पात्याला खोल चीर गेली. माझ्याकडे नियमात बसणारं दुसरं पातं तयार होतं, तरी ते तसंच लावून पाण्यात जाता येत नव्हतं. किनाऱ्यावर येऊन तांत्रिक समितीकडे लेखी अर्ज दिला आणि मोडलेलं पातं दाखवलं. त्यांनी दोन्ही पाती शेजारी ठेवून पाहिली, नव्यावर खूण केली आणि जुन्यावरची खोडली. पुढच्या शर्यतीच्या इशाऱ्याआधी मी पाण्यात होतो.