पद्मिनी ८६: पुढच्या चाकांचं काम

ब्रेकचं काम दिवाळीआधी संपलं. तेव्हाच ठरवलं होतं की आता स्टिअरिंग. माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ ची. साठच्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी दारुड्यासारखी कधी या कडेला, कधी त्या कडेला झुकायची. इंजिन बंद, चाकं सरळ, अशा स्थितीत स्टिअरिंगच्या कडेवर खडूची खूण केली आणि टेप धरली. टायर हलायच्या आधी कडा ६० मिलिमीटर फिरत होती.

हे ज्याला सांगाल तो एकच निदान करतो: स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांच्या रॉडकडे पोचवणारी गिअरची पेटी) गेला. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्यानं बॉक्सचा प्ले, म्हणजे आतली मोकळी चाल, आवळूनही दिला होता. त्यानंतर गाडी सरळ रस्त्यावर तेवढीच ढिली राहिली, वळणावर मात्र जड झाली आणि वळण संपल्यावर चाक आपसूक सरळ व्हायचं बंद झालं. कारण साधं आहे. आपण बहुतेक वेळ गाडी सरळच चालवतो, त्यामुळे आतला वर्म (मळसूत्री दांडा) मधल्या भागात जास्त झिजतो, कडेला कमी. मधली चाल मारायला गेलात की कडेला तो जाम होतो. म्हणून या वेळी पहिल्यांदा बॉक्स होता तसा सैल केला, आणि बाकी सगळं तपासल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

मुलीला स्टिअरिंगवर बसवलं. तिनं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं आणि मी खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. टाय रॉडचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे, तीन सांधे घट्ट, एक मेलेला. पण खरी गंमत डाव्या बाजूला होती. आपल्याकडे बॉक्स उजवीकडे असतो, आणि मधल्या रॉडचं दुसरं टोक डावीकडच्या आयडलर आर्मवर (नुसता आधार देणाऱ्या दांडीवर) टेकलेलं असतं. तो आर्म आपल्या बुशमध्ये (ज्या बाहीत तो फिरतो तिच्यात) चक्क वर-खाली डुलत होता. म्हणजे उजवं चाक ऐकायचं आणि डावं चाक मनात आलं तर ऐकायचं.

मग किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती. जॅक सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली लावला, म्हणजे स्प्रिंग दबलेलीच राहते. चाक वरून आणि खालून धरून हलवलं, तर खट्-खट्. इथे घाई करू नका. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा. चालूच राहिली तर किंगपिनचा. माझ्याकडे उजवीकडे थांबली, डावीकडे नाही. उजवीकडचं बेअरिंग साफ करून, नवं ग्रीस भरून पुन्हा सेट केलं, अर्ध्या तासात मोकळा.

किंगपिनचं किट पुण्याहून, नाना पेठेतून मागवलं. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर हे सामान कुठेही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, आणि आता दुकानदार आधी विचारतो, 'नक्की हेच पाहिजे का?' किट आलं की पिन मायक्रोमीटरनं मोजून घ्या, दोन टोकांना आणि मध्ये. मला आलेल्या दोन पिनांपैकी एक टोकाला बारीक निघाली, ती परत पाठवली.

टाय रॉड काढताना नेहमीची चूक म्हणजे बोल्टच्या आट्यांवर हातोडी. आटे बसतात आणि सांधा निघत नाही. नट दोन-तीन आटे सैल ठेवायचा आणि ज्या डोळ्यात टेपर बसला आहे त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोड्या एकदम मारायच्या. तिसऱ्या ठोक्याला 'टक्' करून सुटला. काढण्याआधी रॉडची लांबी मोजून भिंतीवर लिहून ठेवली होती. एका टोकाला उलटे आटे असतात हेही लक्षात असू द्या. मी पंधरा मिनिटं चुकीच्या दिशेनं पाना ओढत होतो.

आणि आता माझा पराक्रम. किंगपिनचे बुश घरीच बसवायचे म्हणून व्हाइसमध्ये दाबले, छान सरळ गेले, फोटोही काढला. मग ग्रीस गन लावली तर ग्रीस आत जाईना. बुशचं भोक ग्रीस भरायच्या निपलच्या भोकासमोर आलंच नव्हतं. तसेच घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. लेथवाल्या मामांनी एकदा बुशकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "भोक बघून दाबायचं न्हवं का, मर्दा?" जुने काढताना बुश चिरले, म्हणजे दुसरं किट. या वेळी मामांनीच दाबले आणि वरच्या-खालच्या बुशमधून लांब रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) एकाच ओळीत फिरवला. हे हातानं वेगवेगळं करू नका, नाहीतर पिन तिरकी बसते आणि स्टिअरिंग जड होतं. पिन अंगठ्याच्या दाबानं गेली पाहिजे, पण हलता कामा नये.

सस्पेन्शन आर्मचे रबरी बुशही बदलले. स्प्रिंग दाबायचं काम मी केलं नाही, ते मिस्त्रींनी केलं; दबलेली स्प्रिंग सुटली तर हौस अंगाशी येते. आधी बसवलेले बुश सात महिन्यांत का फाटले, ते मात्र या वेळी कळलं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना नट आवळले होते. असा बुश लोंबकळत्या स्थितीतच पकडला जातो, आणि गाडी खाली उतरली की कायम पिळलेला राहतो. आम्ही नट हातानं लावले, गाडी चाकांवर उतरवली, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवली आणि मग आवळले. मागच्या पाट्यांच्या बुशलाही हाच नियम.

अलाइनमेंटला नेण्यापुरतं टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं) घरीच लावलं. पुढच्या दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची खूण केली आणि खुणांमधलं अंतर मोजलं. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलली, त्याच खुणा पुढे आल्यावर पुन्हा मोजलं. तीच खूण दोनदा मोजल्यामुळे रिम वाकडी असली तरी फरक पडत नाही. आधी पुढचं अंतर ९ मिलिमीटरनं कमी होतं, म्हणजे टायर करवतीसारखे का खाल्ले गेले ते कळलं. आता २ ठेवलं आहे. माझे टायर रेडियल आहेत, जुन्या पद्धतीच्या क्रॉसप्लाय टायरला थोडं जास्त लागतं.

बॉक्स अजून उघडलेला नाही. कडेवरची चाल ६० वरून १८ मिलिमीटरवर आली.

रविवारी पहाटे पन्हाळ्याला जाऊन आलो. चढाच्या वळणांवर चाक हातात स्वतःहून परत येतं, हे दोन वर्षांनी अनुभवलं. उतरताना मागून एक नवीन किरकिर ऐकू आली. नवीन कसली, पुढचा खडखडाट होता म्हणून आजवर ऐकू येत नव्हती. उजव्या पाट्याचा शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी) दिसतोय. पुढच्या शनिवारी गाडी मागून उचलतो.