दुतोंड्या मारुतीच्या कमरेइतकं पाणी

वणी झालं, त्र्यंबक झालं, दोन्ही पावसात आणि रेटारेटीत. लिहावंसं वाटलं ते नाशिकच्या गोदाघाटाबद्दल.

गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला होता आणि रामकुंडावर जो तो क्युसेकचा आकडा सांगत होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. पण तो आकडा धरणाच्या दारातला. खाली येईपर्यंत नाल्यांचं, शहराचं पाणी त्यात पडतं, वाघाडी नदीही घाटाजवळच मिळते. विसर्ग कमी केला तरी शहरात पाऊस झोडपत असेल तर पातळी चढू शकते.

नाशिककर म्हणूनच घाटावर पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कुठवर आलंय : गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. मला ही खूण फार मोलाची वाटते, कारण ती जागची हलत नाही आणि सगळ्यांना दिसते. फक्त एकदा बघून भागत नाही. दर पंधरा मिनिटांनी बघावं. पाणी किती आहे यापेक्षा किती झपाट्याने चढतंय ते महत्त्वाचं.

पातळीवरून प्रवाह, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय, ते काढायचं तर आधी पुलावरून मोजणी लागते. पात्राचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येकात पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पटीवर वेगमापक सोडायचा. पाणी खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वरच्या वेगांची सरासरी. वेग गुणिले क्षेत्रफळ, मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज. पुरात ओंडके आणि पाणवेली वेगमापकात अडकतात. तेव्हा रडारने किंवा तरंगत्या वस्तूवरून पृष्ठभागाचा वेग घेऊन त्याला साधारण ०.८५ ने गुणतात.

अशा अनेक मोजण्यांतून पातळी-प्रवाहाचा आलेख बनतो. तळ खरवडला किंवा गाळ साचला की तो चुकतो. थंड प्रदेशात बर्फच तो बिघडवतो : वरच्या थराला घासून पाणी मंदावतं, तेवढाच प्रवाह जास्त उंच दिसतो. वसंतात बर्फ फुटून वळणावर तुंबला तर पाऊस नसतानाही पूर येतो. सायबेरियात लेना नदीकाठचं लेन्स्क गाव २००१ च्या मेमध्ये असंच बुडालं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पात्रात लावलेल्या गाड्या आहेत. इशारा दिलेला असूनही त्या दिवशी घाटावर कितीतरी उभ्या होत्या, आणि लेकरांना घेऊन लोक ओल्या पायऱ्यांवर फोटो काढत होते. फार संताप आला. सराफ बाजारातले दुकानदार मात्र मारुतीवर नजर ठेवून खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागले होते.