पक्ष्यांच्या शुश्रूषेत करिअर करायचे असेल तर पदवी कोणती घ्यावी?

उत्तर कॅलिफोर्नियात सुटीच्या दिवशी मी जखमी पक्ष्यांच्या एका केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करते हे समजल्यापासून, मुलीला किंवा मुलाला असेच काम करायचे आहे, तर अमेरिकेत कोणता विषय घ्यावा, असे ओळखीचे पालक मला विचारतात. माझे स्पष्ट मत असे की, विषयाच्या नावात ‘वन्यजीव’ आहे की नाही हे पाहण्यापेक्षा त्यात शरीरक्रियाशास्त्र आणि रसायनशास्त्र किती शिकवतात हे पाहावे.

त्याचे कारण कामातच दिसते. तेलाने माखलेला पक्षी आला की त्याला लगेच धुवावे असे कोणालाही वाटते, पण तसे करत नाहीत. आधी त्याला ऊब देतात, नळीने पोटात द्रवपदार्थ देतात आणि रक्ताचा थेंब बारीक काचनळीत घेऊन लाल पेशींचे व प्रथिनांचे प्रमाण तपासतात, कारण अशक्त पक्षी धुण्याच्या ताणानेच दगावू शकतो. प्रकृती सावरल्यावर एकाने त्याला धरायचे, दुसऱ्याने भांडी घासण्याच्या द्रवसाबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, डोळ्यांभोवती मऊ टूथब्रश फिरवायचा आणि पाणी काळवंडले की टब बदलायचा. त्यानंतरचे स्वच्छ पाण्याने विसळणे अधिक वेळ चालते, कारण पिसांत उरलेला साबणसुद्धा पाणी आत शिरू देतो. थेंब पिसांवरून मोत्यांसारखे घरंगळू लागले की मगच हात थांबतात.

या कामाला परवाना लागतो. स्थलांतरित पक्ष्यांसाठीचा अमेरिकी केंद्र सरकारचा परवाना मिळवायला वय किमान 18 वर्षे आणि किमान वर्षभरात मिळवलेला 100 तासांचा अनुभव आवश्यक असतो. तोवर पक्ष्यांच्या एखाद्या शुश्रूषा केंद्राच्या परवान्याखाली काम करता येते. त्याच नियमांनुसार, दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या झालेल्या किंवा पंख कोपरापासून कापावा लागेल अशा पक्ष्याला सहसा दयामरण द्यावे लागते. प्राण्यांवर प्रेम आहे म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांनी पदवी निवडण्यापूर्वी एखाद्या केंद्रात काही महिने काढावेत असे मी म्हणते, ते मुख्यतः यासाठी.

कमाईचा विचारही करायला हवा. केंद्रांचा बराच भार स्वयंसेवक उचलतात आणि पगारी जागा थोड्या असतात, त्यामुळे हाताशी दुसरा परवाना असणे मला फार महत्त्वाचे वाटते. व्हेटर्नरी टेक्निशियनचा, म्हणजे पशुवैद्याच्या तांत्रिक सहायकाचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची परवान्याची परीक्षा उत्तीर्ण केली की कुठल्याही पशुचिकित्सालयात नोकरी शोधता येते. पशुवैद्य व्हायचे असेल तर इथे सहसा आधी पदवी आणि मग चार वर्षांचे पशुवैद्यकीय शिक्षण घ्यावे लागते. पदवीचा विषय कोणताही चालतो, मात्र जीवशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र यांसारखे विषय पूर्ण केलेले लागतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा मार्ग छोटा आहे. बारावीनंतर नीटच्या गुणांवर बी.व्ही.एस्सी.ला प्रवेश मिळतो आणि इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांत पशुवैद्य होता येते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे केंद्र आहे. तेव्हा पहिले शिक्षण आणि पहिला अनुभव दोन्ही घरच्या राज्यात मिळवता येतात. त्या पदवीवर अमेरिकेत पशुवैद्य म्हणून काम करण्यासाठी वेगळी समकक्षता परीक्षा द्यावी लागते, तिचा खर्च आणि अभ्यास मोठा असतो, म्हणून इथे कायमचे राहायचे आहे का हे आधी ठरवून मगच तिच्या तयारीला लागावे.