विहिरीचं कर्ज आणि जर्मनीची घटना

2025 च्या मार्चमध्ये एकदा आमच्या घरमालकीण आजींच्या डोळ्यांत पाणी होतं. 21 मार्चला सरकारी कर्जाची मर्यादा सैल करणारी घटनादुरुस्ती जर्मनीच्या संसदेच्या वरच्या सभागृहातही मंजूर झाली, त्याचं दुःख. सरकार जास्त कर्ज काढणार म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

इथे सरकारच्या कर्जाला 2009 पासून घटनेतच वेसण आहे. तेजी-मंदीचा परिणाम वगळून केंद्राची तूट जीडीपीच्या 0.35 टक्क्यांवर जायची नाही. आणि कोर्ट ते पाळायला लावतं! कोविडसाठी मंजूर झालेलं, न वापरलेलं 60 अब्ज युरोंचं कर्ज सरकारने हवामान निधीत वळवलं, ते घटना न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केलं. पुढच्या वर्षी अशाच पैशाच्या भांडणात सरकार कोसळलं. मला याचं मनापासून कौतुक आहे. आपल्याकडे 2003 चा वित्तीय जबाबदारीचा कायदा आहे, पण तुटीचं तीन टक्क्यांचं उद्दिष्ट वारंवार पुढे ढकललं गेलं.

पण मी राहतो पश्चिम जर्मनीतल्या ल्युडेनशाइटला. इथला महामार्गावरचा राहमेडे पूल डिसेंबर 2021 मध्ये धोकादायक म्हणून एका दिवसात बंद झाला आणि मे 2023 मध्ये स्फोटकं लावून पाडला. पूल बंद झाल्यापासून कित्येक वर्षं महामार्गाची रहदारी गावातून जायची. पहाटे चारला ट्रक सुरू व्हायचे, खिडकीच्या काचा थरथरायच्या, उन्हाळ्यात खिडकी उघडायची सोय नव्हती. ओळखीच्या दोन दुकानदारांनी गाशा गुंडाळला. माझ्याबरोबरचे कामगार रोज तासभर आधी घर सोडायचे. पूल साठच्या दशकातला, वाहनं कितीतरी पटींनी वाढली. सगळं खापर त्या नियमावर फोडता येणार नाही. तरी वाटतं, वेळेवर कर्ज काढून पूल बांधला असता तर काय बिघडलं असतं? शेवटी 2025 मध्ये अशा कामांसाठी 500 अब्ज युरोंचा वेगळा निधी झाला, तोही घटना बदलून.

आजी म्हणाल्या, "नातवंडांच्या डोक्यावर ओझं." जर्मनमध्ये कर्ज आणि अपराध या दोन्हींना मुळात एकच शब्द, शुल्ड. मला ते टोचलं. आपण ऋण म्हणतो. आईबापांचं ऋण, गावाचं ऋण. ते फेडायचं असतं, पण असणं म्हणजे गुन्हा नव्हे.

रात्री औशाला अण्णांना फोन लावला. आमच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला तेव्हा मी तिसरीत होतो. विहिरीसाठी काढलेलं कर्ज. नऊ वर्षं आईने नवं लुगडं घेतलं नाही. त्याच विहिरीवर ऊस झाला, उसावर माझं इंजिनिअरिंग. आणि त्याच शिवारात कर्जापायी गळफास घेतलेली माणसंही मी पाहिली आहेत, त्यामुळे आजी खुळ्या आहेत असं मी म्हणणार नाही.

अण्णा म्हणाले, "सण कराया काढलं व्हतं व्हय? हिरीसाठी काढलं. पाणी लागलं, फिटलं."

"आन पाणी नसतं लागलं तर?" मी विचारलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या शिक्षणाच्या कर्जाचं किती ऱ्हायलं?"

"अकरा हप्ते."

"आधी ते फेड," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.