एका माणसाच्या दोन नोंदी

नांदेडला हजूरसाहिबाजवळच्या गल्लीत वाढल्यामुळे गुरुमुखी मला मराठीच्या बरोबरीनेच वाचता येऊ लागली. शेजारच्या बीजी गुरुग्रंथसाहिबातली नामदेवांची पदं गुटक्यातून, म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या पोथीतून, म्हणायच्या आणि मी त्यांच्या बोटाखालची अक्षरं लावायचे. त्याच जोरावर पुढे दिल्लीतल्या एका ग्रंथालयात कंत्राटी काम मिळालं. देणगीत आलेली पंजाबी पुस्तकं खोक्यांतून काढायची, दाखल नोंदवहीत चढवायची, कण्यावर क्रमांक लिहायचा आणि संगणकात लेखकाची नोंद करायची.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. सत्तरीच्या घरातले एक सरदारजी आले. अमृतसरकडचे, निवृत्त शिक्षक. म्हणाले, "पुत्तर, मुसाफिरांचं 'आहलणे दे बोट' मिळेल?" आहलणे दे बोट म्हणजे घरट्यातली पिल्लं. पुस्तक होतं. आठच दिवसांपूर्वी मी त्याच्या कण्यावर ८९१.४२ हा पंजाबी साहित्याचा क्रमांक घातला होता. ते आणून दिलं. मग त्यांनी विचारलं, "आणि ते संविधान सभेत होते, त्यावेळचं काही?" मी ठामपणे सांगितलं, "बाबाजी, ते वेगळे. ते ग्यानी गुरमुखसिंग, राजकारणातले."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे पाहत राहिले.

माझ्यापुढे खरंच दोन नोंदी होत्या. एक जुनी, इतिहास विभागातली : 'गुरमुखसिंग, ग्यानी, १८९९–१९७६'. संविधान सभेचे सदस्य, अमृतसरचे खासदार, पंजाबचे मुख्यमंत्री. दुसरी मी स्वतः केलेली : 'मुसाफिर, गुरमुखसिंग', कवी आणि कथाकार, 'उरवार पार' या कथासंग्रहाला १९७८चा साहित्य अकादमी पुरस्कार. नावातलं साम्य माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण एक जण १९७६ साली वारलेला आणि दुसऱ्याला १९७८ साली पुरस्कार, तेव्हा माणसं दोन, असा हिशेब करून मी पुढच्या पुस्तकाला हात घातला होता. पुरस्कार मरणोत्तर असू शकतो, हे मनातही आलं नाही.

"खुर्ची घे," सरदारजी म्हणाले आणि स्वतः समोर बसले. पुढचा तासभर मी एकही पुस्तक चढवलं नाही.

अटक जिल्ह्यातलं अधवाल हे मुसाफिरांचं गाव. आता ते पाकिस्तानात आहे. शाळेत शिकवायचे, म्हणून ग्यानी. मुसाफिर हे कवितेसाठी घेतलेलं नाव. १९२२च्या गुरू का बाग मोर्चात, म्हणजे शिखांच्या गुरुद्वारा आंदोलनात, तुरुंगात गेले, पुढे अकाल तख्ताचे, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचे, जथेदार (प्रमुख) झाले, काँग्रेसमध्ये राहून पुन्हापुन्हा तुरुंग पाहिला. हे सगळं होत असताना लेखणी खाली ठेवली नाही. १ नोव्हेंबर १९६६ला पंजाबी भाषकांचा नवा पंजाब झाला, हरियाणा वेगळा निघाला, आणि त्या पंजाबचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच पंजाबी कथाकार. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी अत्र्यांनी लेखणी कशी चालवली ते आपण जाणतो. पण भाषेच्या पायावर राज्य उभं राहावं आणि त्याच दिवशी त्या भाषेतला लेखक मुख्यमंत्री व्हावा, याचं मला फार अप्रूप वाटलं.

चारच महिने टिकलं ते. १९६७च्या निवडणुकीत अमृतसरमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सत्यपाल डांग यांनी त्यांना हरवलं. सरदारजी तेव्हा दहा वर्षांचे. "माझे दारजी, म्हणजे वडील, लाल बावट्याचे. मत डांगसाहेबांना देऊन आले आणि रात्री कंदिलाशी बसून आम्हाला मुसाफिरांची कथा वाचून दाखवली. आई म्हणाली, आत्ताच पाडलंत ना त्यांना? दारजी म्हणाले, मत कारभाराला दिलं, कथेशी माझं भांडण नाही." हे सांगताना त्यांनी पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे वाळवीने खाल्लेली एक बारीक रेघ होती.

पुढे मुसाफिर राज्यसभेत गेले, शेवटपर्यंत तिथेच होते. १८ जानेवारी १९७६ला गेले. पद्मविभूषणही त्याच वर्षी, मरणोत्तर.

मला सगळ्यात लागलं ते त्या शीर्षकाचं. उरवार पार म्हणजे ऐलतीर आणि पैलतीर. असं नाव दिलेलं पुस्तक हातात धरून मी त्या माणसाचे दोन तुकडे केले होते. एकाची पुस्तकं तळमजल्यावर, दुसऱ्याचं नाव दुसऱ्या मजल्यावर. कथा वाचायला येणाऱ्याला कधी कळलं नसतं की हा हात तुरुंगाच्या गजांवरही होता, आणि संविधान सभेचा अभ्यास करणाऱ्याला 'आहलणे दे बोट' कधी दिसलं नसतं.

सरदारजींसमोरच मी दोन्ही नोंदी उघडल्या. जन्मसाल जुळवलं, पुरस्कारापुढे 'मरणोत्तर' लिहिलं, दोन्ही एकत्र केल्या, आणि जुन्या नावाखाली 'पाहा : मुसाफिर, गुरमुखसिंग' अशी नोंद ठेवली. पडद्यावर एकाच नावाखाली यादी खाली सरकत गेली. 'कंधां बोल पइयां', 'सबर दे बाण', 'वेखिया सुणिया गांधी', आणि त्यांच्यामध्येच संविधान सभेची कागदपत्रं.

सरदारजींनी चष्मा पुसला, वाकून यादी वाचली आणि 'वेखिया सुणिया गांधी'वर बोट ठेवलं. "हे आधी आण," म्हणाले.

मी दुसऱ्या मजल्याच्या किल्ल्या घेतल्या.