नॉकमधली पहिली नोकरी: माझा अनुभव

सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेचा, अभ्यास पूर्ण होत आला तेव्हा मी नोकरीसाठी अर्ज करायला लागलो. प्रत्यक्ष राउटरला कधी हात लावलेला नव्हता. सगळा सराव पॅकेट ट्रेसर या आभासी नेटवर्क उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तरी नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, एल-वनची, म्हणजे पहिल्या पायरीची, जागा मिळाली.

मुलाखतीत सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडणं, आलंच. /२६ आकाराच्या भागात वापरता येणारे पत्ते किती? ६२. पण खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात होती. "यूजरच्या मशीनवर १६९.२५४ने सुरू होणारा आयपी दिसतोय. काय कराल?" पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून मशीनने स्वतःच घेतला, इतकं मी सांगितलं. त्यावर "मग पुढे?" केबल, पोर्ट, व्हीलॅन (स्विचवर वेगळं केलेलं आभासी नेटवर्क), शेजारच्या मशीनला पत्ता मिळतोय का, असं एकेक बोलत गेलो. त्यांना पाठांतरापेक्षा हा क्रम ऐकायचा होता, असं मला आजही वाटतं.

पहिले काही आठवडे अलार्मांनी दडपून गेलो. एक वरची लिंक पडली की तिच्यामागची सगळी उपकरणं एकदम लाल होतात. अशा वेळी आधी नेटवर्कचा नकाशा उघडायचा, सगळ्यांच्या वर कोण आहे ते शोधायचं आणि त्या एकाचंच तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, काढायचं. त्याआधी ठरवून घेतलेलं देखभालीचं काम चालू नाही ना, हेही बघायचं.

एका रात्रपाळीतली घटना सांगतो, कारण तिने माझी काम करण्याची पद्धत बदलली. सेवा पुरवणाऱ्या कंपनीशी असलेलं बीजीपी सेशन (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ते) पडलं होतं, इंटरफेस, म्हणजे राउटरचं पोर्ट, मात्र 'अप'. माझ्यासोबतच्या सीनियर ताईंनी विचारलं, "लिंक नक्की कधी तुटली?" मी लॉगमधली वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, "ती सेशन पडल्याची वेळ. लिंक त्याच्या आधी गेली असणार." दोन राउटरांच्या मध्ये त्या कंपनीचा स्विच होता, त्यामुळे पलीकडे तार तुटली तरी आमचं पोर्ट चालूच राहिलं. सिस्कोच्या राउटरवर मुळात कीपअलाइव्ह, म्हणजे 'मी चालू आहे' हा संदेश, ६० सेकंदांनी जातो आणि होल्ड टाइम, म्हणजे त्याची वाट बघण्याची मुदत, १८० सेकंदांची असते. शेवटचा संदेश आल्यापासून १८० सेकंद शांतता गेली की मगच सेशन पडतं. म्हणजे बिघाड दोन ते तीन मिनिटं आधीचा! दोन टायमर मी परीक्षेसाठी घोकले होते. त्यांचा उपयोग त्या रात्री कळला.

त्यानंतर मी तिकिटं वेगळी लिहायला लागलो. "लिंक डाउन आहे, कृपया बघा" एवढ्यावर समोरचा काहीच करू शकत नाही. कधीपासून, कोणता इंटरफेस, ऑप्टिकल पॉवर (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद) किती, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढताहेत का, पिंग (चाचणीचा संदेश) कुठपर्यंत पोचतो, आपण काय तपासलं आणि काय तपासलं नाही, हे सगळं आलं पाहिजे. वेळेसोबत टाइम झोनही लिहायचा. असं तिकीट वर गेलं की एल-टूचे, म्हणजे वरच्या पायरीचे, इंजिनिअर परत प्रश्न विचारत नाहीत, थेट कामाला लागतात. हळूहळू तेच मला "हे आता तूच बघ" म्हणायला लागले.

शांत रात्री मी बंद झालेली जुनी तिकिटं वाचायचो. मी पाठवलेल्या तिकिटाचं पुढे काय झालं, कोणत्या कमांडने दोष सापडला, हे वहीत उतरवायचो. एल-टूच्या मुलाखतीची माझी बहुतेक तयारी त्याच वहीतून झाली. रात्रपाळ्यांनी झोपेचं खोबरं होतं, ते खरंच, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

सगळ्या नॉक सारख्या नसतात. काही ठिकाणी एल-वनला फक्त अलार्म पाहून फोन करायचा असतो, उपकरणांवर लॉगिनच मिळत नाही. मुलाखतीत तुमची प्रश्न विचारायची वेळ आली की हे नक्की विचारा: एल-वनला किमान शो कमांड (उपकरणाची माहिती फक्त दाखवणाऱ्या) चालवता येतात का? मला येत होत्या, म्हणून मी त्या रात्री लॉग उघडून बघू शकलो.