जुलैत मी भारतात का येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. आत्या विचारते, वहिनी विचारते, पुण्याच्या मैत्रिणी तर फोटो पाहिला की लगेच: पोरांना सुट्टी असताना इकडे यायचं सोडून इंग्लंडातल्या लीड्सच्या त्या टीचभर परसात बिनबाह्यांचा झगा घालून काय बसतेस? किती रापलीस!

रापले. पण ऐका.

त्या वर्षी फेब्रुवारीत मला जिना चढता येईना. नेहमी अंग दुखतं तसं नव्हे, मांडीच्या हाडातून ठणकायचं. खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागे. धाकटी वर्षाची होती. हात पसरून पायाशी उभी राहायची आणि मला तिला उचलता यायचं नाही. मग मीच कशीबशी जमिनीवर बसायचे, ती मांडीवर चढायची, आणि नवरा कामावरून येऊन मला उठवेपर्यंत आम्ही दोघी तिथेच. सगळे म्हणाले, बाळंतपणाचा थकवा. रक्त तपासलं तेव्हा ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरबाईंनी नडगी अंगठ्याने दाबली आणि मी ओरडले. त्यांनी विचारलं, तुमच्या अंगाला ऊन कधी लागतं?

मला सांगता येईना. पुण्यात स्कूटीवर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून, कोपरापर्यंत मोजे घालून फिरणारी मुलगी होते मी. तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, एप्रिलच्या दुपारी भाजून निघायचं होतं का? बरोबर आहे तिचं. पण संध्याकाळी पाच वाजताही ती स्कार्फ सोडायची नाही, कारण काळी होशील हे उन्हापेक्षा जास्त भाजायचं. त्याच पूर्ण बाह्या घेऊन ती इथे आली.

इथे ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ऊन इतकं तिरपं येतं की त्यातून त्वचेत पुरेसं ड तयार होत नाही. खिडकीशी बसून भागत नाही, कारण लागतात ती किरणं काच अडवते. आणि आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ ऊन घ्यावं लागतं. म्हणजे उरला एप्रिल ते सप्टेंबर. जूनमध्ये पहाटे पाचच्या आत उजाडतं, रात्री साडेनऊ झाले तरी सूर्य मावळत नाही. त्या दिवसांत मी कपडे वाळत घालते ते परसात, भाजी निवडते ती परसात, जेवतेही तिथेच.

झगा आईच्या जुन्या इरकलीचा आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत, काठ खाली घेराला, बगला मुद्दाम खोल कापलेल्या. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "साडी माझीच गं, पण दंड तेवढे झाक."

वहिनी विचारते, गोळ्या घेतेस ना, मग उन्हात कशाला? घेते. रोज १० मायक्रोग्रॅम, बारा महिने. सावळ्या लोकांना इथे तसंच सुचवतात. जास्त उन्हाने कातडीचं नुकसान होतं हेही ठाऊक आहे, म्हणून भर दुपारी सावलीत सरकते. मग गोळी असताना ऊन कशाला, याला माझ्याकडे डॉक्टरी उत्तर नाही. मला आवडतं. उघड्या दंडावर ऊन आलं की माझं अंग मला परत मिळाल्यासारखं वाटतं, आणि हे आईला कसं सांगायचं ते अजून जमलेलं नाही.

डिसेंबरात येईन, हवं तितकं राहीन. जुलैत बोलावू नका.